पाठीशी भिंत

दहिवडीला, पंचायत समितीच्या सभागृहात
दोन दिवसांचं प्रशिक्षण.
आम्ही एक्केचाळीस सेविका,
मांडीवर पोषण आहाराच्या वह्या,
कारण महिनाअखेर होती
आणि माहिती आजच भरायची होती.

साताऱ्याहून आलेल्या बाईंनी पडद्यावर मेंदू लावला,
बदामाएवढा भाग लाल करून दाखवला.
म्हणाल्या, भीती इथं राहते.
मागून म्हसवडची विजूताई पुटपुटली,
"भीतीला तरी घर मिळालं."
हसलो सगळ्या.

मग वीज गेली.
पडदा गेला, मेंदू गेला,
आणि बाईंनी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून
शिमळाबाई काळेंना पुढं बोलावलं.
फासेपारधी. दोन नातवंडं अंगणवाडीत.
माईक नको म्हणाल्या.

"आमच्या पालावर पहाटं गाडी आली
तर पोरं चप्पल हुडकत न्हाईत.
आधी धाकटं भावंडं हुडकत्यात."

बराच वेळ काही नाही.
मग त्यांनीच विचारलं,
"तुमच्या अंगणवाडीचं दार कुनीकडं हाय?
पोरगं बसलं की त्याला दिसतंय का?"

जयवंत माझ्याकडं दोन वर्षं होता.
रोज फळ्याकडं पाठ करून बसायचा.
रोज मी खांदे धरून त्याला वळवायचे
आणि माझी पाठ फिरली की तो परत,
सूर्यफूल फिरतं तसा, दाराकडं.
खेळाची शिट्टी वाजवली की चड्डी ओली.
बाकीची हसायची.
मी हसू दिलं.
मठ्ठ आहे, असं वहीत कधी लिहिलं नाही मी.
बोलले मात्र.

आणि जयवंत हे त्याचं नावही नव्हतं.
आई म्हणाली होती, जामीन.
बाप सुटून आला त्या दिवशी जन्मला, म्हणून जामीन.
मी पेन थांबवून म्हणाले,
असलं नाव असतंय व्हय? शाळंत हसतील त्याला.
ती काही बोलली नाही.
टेबलाच्या पलीकडून बोलायची
तिला कुणी सवयच लावली नव्हती,
आणि मी गप्प बसण्याला होकार समजले.
तिच्या घरातला सगळ्यात आनंदाचा दिवस
मी निळ्या शाईनं, वळणदार अक्षरात
नोंदवलाच नाही.

दुपारी गट पाडले, मोठे कागद वाटले.
आमच्या गटानं 'संवेदनशील' हा शब्द
तीन वेळा लिहिला, एकदा ऱ्हस्व-दीर्घ चुकवून.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं.
माझ्यावर शालनऐवजी शालिनी.
मी तावातावानं टेबलाशी गेले,
म्हणाले, हे माझं नाव नाही,
माझ्या आज्जीनं ठेवलेलं नाव आहे, बदलून द्या.
कारकून म्हणाला, ताई, शालिनी चांगलं दिसतंय की.
मी तोंड उघडलं
आणि तसंच मिटलं.

जामीन आता माझ्याकडं नाही.
माळशिरसच्या अंगाला गेली म्हणतात ती माणसं.
माझ्यामुळं नाही,
असं मी एसटीत स्वतःला दोनदा सांगितलं.

सोमवारी सतरंजी भिंतीला लावून अंथरली,
पाठ भिंतीला, तोंड दाराला,
फळा काढून दाराशेजारी टांगला.
शिट्टी ज्वारीच्या डब्यात टाकली.
जुनं रजिस्टर काढलं.
सरकारी वहीत खाडाखोड चालत नाही,
म्हणून समासात पेन्सिलीनं लिहिलं, जामीन,
आणि पान कुणी उघडायच्या आत मिटवलं.
अजून तेवढंच धाडस आहे.

अकराच्या सुमाराला दारात एक पोरगी उभी,
पालावरची, हातात अर्धी भाकरी.
आत ये म्हणाले नाही.
उंबऱ्याजवळ खाली बसले आणि नाव विचारलं.
तिनं सांगितलं, मला कळलं नाही.
परत विचारलं.
तिसऱ्यांदा मी ते म्हणून बघितलं
तेव्हा ती भाकरीआडून हसली.

चुकलं होतं.